वाइन, बॉटल्स आणि माझ्या लग्नपत्रिका: तीन महिने वापरून

घाईत असलेल्यांसाठी आधीच सांगून टाकते. लिनक्सवर (विंडोजच्या जागी टाकायची फुकट सिस्टिम) विंडोजची ग्राफिक्सची सॉफ्टवेअरं चालवायची असतील तर वाइन आणि त्याच्या जोडीला बॉटल्स, दोन्ही फुकट आहेत, बऱ्यापैकी चालतात, पण तुमचं कुठलं सॉफ्टवेअर गुमान चालेल आणि कुठलं रुसून बसेल हे लग्नातल्या मानपानासारखं आहे, आधी कळत नाही. माझ्याकडून ५ पैकी ३.५. दीड स्टार कुठे गेला ते पुढे येईलच.

मी बार्शीत घरूनच डिझाइनचं काम करते. लग्नपत्रिका, वास्तुशांतीच्या पत्रिका, वाढदिवसाचे बॅनर, हॉटेलांची मेनू कार्डं, असलं सगळं. आधी एका प्रेसमध्ये सात वर्षं डीटीपी केलं, मुलगा झाल्यावर घरी बसले आणि तीच गिऱ्हाइकं हळूहळू घरी यायला लागली. लॅपटॉप जुना, सहाव्या पिढीचा आय फाइव्ह, ८ जीबी रॅम, दोन वर्षांपूर्वी त्यात एसएसडी टाकून घेतली म्हणून अजून तग धरून आहे. तर १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला आणि विंडोज ११ म्हणतं की इंटेलचा आठव्या पिढीपासून पुढचाच प्रोसेसर पाहिजे, वर टीपीएम २.० नावाची सुरक्षेची चिप पण पाहिजे. म्हणजे मशीन ठणठणीत, पण कागदोपत्री म्हातारं. नवीन लॅपटॉप घ्यायचा तर पन्नास हजारांच्या आत काही बरं दिसेना आणि तुळशीचं लग्न तोंडावर, म्हणजे आमची सराई सुरू.

माझा भाचा पुण्यात आयटीत आहे. तो दिवाळीला आला तेव्हा म्हणाला, मावशी, लिनक्स मिंट टाकून देतो, लॅपटॉप पळेल बघ. पळाला हे खरं. चालू झाल्यावर नुसतं बसलं असताना साधारण एक जीबी रॅम खातो, पंखा गप्प. पण मी विचारलं, माझ्या सॉफ्टवेअरचं काय? तो म्हणाला, वाइन आहे ना. आणि भाऊबीज करून पुण्याला निघून गेला. पुढचं सगळं फोनवर. एकदा स्पीकरवर फोन होता, सासूबाई समोर मेथी निवडत बसलेल्या, आणि हा तिकडून जोरात विचारतोय, "मावशी, वाइन झाली का? मग आता बॉटल उघड." त्या दिवशी सासूबाईंना समजावण्यात जितका वेळ गेला तितका इन्स्टॉल करण्यात नाही गेला.

तर वाइन म्हणजे काय हे मला जसं समजलं तसं सांगते. वाइनमध्ये विंडोज नसतं. लॅपटॉपच्या आत दुसरा खोटा कॉम्प्युटर पण नसतो, नावच मुळी 'वाइन इज नॉट ॲन एम्युलेटर' असं आहे. सोलापूरला कापडाच्या दुकानात एखादा जुना सेल्समन असतो बघा, एक गिऱ्हाईक तेलुगूत विचारतं, दुसरं कानडीत, हा आत मालकाला मराठीत सांगतो आणि माल बाहेर येतो, कुणाला काही कळतसुद्धा नाही. वाइन तो सेल्समन आहे. सॉफ्टवेअर विंडोजच्या भाषेत म्हणतं खिडकी उघड, फाइल वाच, अक्षर काढ, आणि वाइन ते लिनक्सच्या भाषेत सांगतं. त्यामुळे जे चालतं ते फास्ट चालतं, मध्ये ओझं नाही. पण सेल्समनला एखादा शब्द माहीत नसला की तो नुसता बघत राहतो, आणि तुमचं सॉफ्टवेअर एक अक्षर न बोलता बंद होतं. एरर पण येत नाही. डबल क्लिक केलं, गोल फिरलं, संपलं. नवशिक्या माणसाला हे फार लागतं, आपलंच काहीतरी चुकलं असं वाटत राहतं.

हे काम १९९३ पासून चालू आहे आणि पहिली १.० आवृत्ती यायला २००८ साल उजाडलं, पंधरा वर्षं. हे वाचल्यावर मला जरा धीर आला, म्हणजे विषयच तेवढा अवघड आहे. आता दर जानेवारीत एक मोठी आवृत्ती येते. आणि मधल्या काळात व्हॉल्व्ह या गेमवाल्या कंपनीने २०१८ मध्ये वाइनवरूनच प्रोटॉन नावाचं काढलं, त्यात भरपूर कामं झाली आणि ती पुन्हा वाइनमध्ये पण आली, त्याचा फायदा आपल्यासारख्यांना फुकटात. पोरं गेम खेळतात म्हणून माझ्या पत्रिका होतायत असं म्हणायला हरकत नाही.

अजून एक मजेशीर गोष्ट, जी प्रेसमध्ये कुणालाच माहीत नव्हती. २००० साली कोरलड्रॉ ९ (प्रेसमध्ये डिझाइनला वापरतात तेच) चक्क लिनक्ससाठी विकायला आलं होतं, आणि ते वाइनच्याच आधारावर बनवलेलं होतं. तो प्रयोग पुढे काही टिकला नाही. टिकला असता तर आज महाराष्ट्रातल्या अर्ध्या प्रेस लिनक्सवर दिसल्या असत्या, असं आपलं माझं मत.

आता कामाचं. मला चार गोष्टी चालवायच्या होत्या, चारींचे चार अनुभव.

पहिलं इरफानव्ह्यू, फोटो बघायचं छोटं सॉफ्टवेअर. हे मी कॉलेजपासून वापरते. ऑस्ट्रियात राहणाऱ्या एका बोस्नियन माणसाने १९९६ मध्ये काढलेलं, घरगुती वापराला फुकट, धंद्याला लायसन्स घ्यावं लागतं (घ्या, अगदी थोडक्यात मिळतं). हे वाइनवर असं चाललं की मला खरं वाटेना. इन्स्टॉल केलं, मेनूत आलं, फोटोवर डबल क्लिक, उघडलं. बी दाबलं की बॅचची खिडकी, त्यात अल्बमचे चारशे फोटो टाकायचे, साइज कमी करायची, कोपऱ्यात नाव टाकायचं, सुरू. चहा होईपर्यंत काम झालेलं. विंडोजवर जेवढा वेळ लागायचा तेवढाच, मला तर उलट थोडा कमीच वाटला पण ते नव्याची नवलाई असेल. ज्यांना फक्त एवढंच पाहिजे त्यांनी बॉटल्सच्या नादी पण लागू नका, मिंटच्या सॉफ्टवेअर मॅनेजरमधून साधं वाइन घ्या आणि खुशाल वापरा.

एकच त्रास, अक्षरं मुंगीएवढी दिसत होती. माझा डोळ्याचा नंबर वाढला की काय असं वाटलं. तर वाइनची एक सेटिंगची खिडकी असते, वाइन कॉन्फिगरेशन नावाची, त्यात ग्राफिक्सच्या टॅबमध्ये खाली डीपीआयची पट्टी आहे. तिथे ९६ असतं, ते मी १२० केलं. झालं. हे मला कुणी पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर आठ दिवस स्क्रीनला नाक लावून बसले नसते.

दुसरं, माझं ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर, ज्यात पत्रिका बनवते. नाव सांगत नाही, वर्जन फार जुनं आहे, आणि जुन्या माणसाची तक्रार चारचौघात करू नये. इथे बॉटल्सची गरज पडली. बॉटल्स म्हणजे काय तर प्रत्येक सॉफ्टवेअरला वेगळी बाटली, एकात केलेली सेटिंग दुसऱ्याला लागत नाही, एकाने घाण केली तर दुसरं सुरक्षित. बरणीत लोणचं आणि मुरांबा एकत्र ठेवत नाही तसंच. उघडलं की पहिल्यांदा काही शे एमबी डाउनलोड करतं, तेवढा धीर धरा, मोबाइलच्या हॉटस्पॉटवर करू नका. मग नवीन बाटली बनवायची, त्यात विचारतं की ॲप्लिकेशन, गेमिंग की कस्टम. आपल्याला ॲप्लिकेशन. मग आत डिपेंडन्सीज नावाचा भाग आहे, तिथे विंडोजचे फॉन्ट आणि बाकी बारीकसारीक तुकडे एका क्लिकवर बसतात. भाच्याच्या म्हणण्यानुसार पूर्वी हे सगळं काळ्या खिडकीत कमांड टाइप करून करायला लागायचं. दिसायला बॉटल्स सुंदर आहे, सगळं जागच्या जागी, मला इंग्रजी बेताचं येतं तरी सापडलं.

सॉफ्टवेअर चालू झालं. मी आनंदाने टाइप केलं, ॥ श्री गजानन प्रसन्न ॥, कारण कुठल्याही पत्रिकेची सुरुवात तीच. आणि समोर काय आलं? श वेगळा, त्याच्या पायाखाली मोडका पाय, र वेगळा, वर वेलांटी भलतीकडे. प्रसन्नचा न फुटून दोन न झालेले. खाली शुभविवाह लिहिलं तर व ची पहिली वेलांटी व च्या पुढे जाऊन बसली, म्हणजे विवाहाच्या आधीच फारकत. मी भाच्याला फोटो पाठवला, तो म्हणाला, वाइनला मराठी येत नसेल. पण तसं नाहीये. त्याच वाइनमध्ये नोटपॅड उघडून श्री लिहिलं तर व्यवस्थित श्री येतं. दोष त्या जुन्या सॉफ्टवेअरचा, ते अक्षरं जोडायचं कामच कुणाकडून करून घेत नाही, एकेक तुकडा सुटा सुटा ठेवतं, आणि आठवून बघितलं तर विंडोजवर पण युनिकोड (मोबाइलवर असतं तसलं मराठी) टाकलं की हे असंच करायचं, म्हणून तर प्रेसमध्ये आम्ही जुने फॉन्ट वापरायचो!

जुने फॉन्ट म्हणजे ज्यात इंग्रजीच्या ए बी सी च्या जागी मराठी अक्षरांचे तुकडे बसवलेले असतात. गंमत अशी की ते फॉन्ट वाइनमध्ये एकदम झकास चालले. कारण सॉफ्टवेअरच्या दृष्टीने ते इंग्रजीच आहे, जोडायचं काही नाही. होम फोल्डरमध्ये फॉन्टसाठी एक लपलेलं फोल्डर असतं त्यात टाकले, सॉफ्टवेअर बंद करून चालू केलं, यादीत हजर. माझी दहा वर्षांची सगळी जुनी कामं जशीच्या तशी उघडली. फॉन्ट टाकायच्या आधी उघडलं होतं तेव्हा मात्र सगळा मजकूर इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसत होता आणि माझ्या पोटात गोळा आला होता. तसं दिसलं तर घाबरू नका, फाइल बरी आहे, फॉन्ट नाहीये एवढंच.

पण मग नवीन मजकूर टाइप कसा करायचा? इथे तिसरी गोष्ट, डाँगलवालं मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर. ते यूएसबीत कुलूप लावल्याशिवाय चालू होत नाही. आणि हे स्पष्टच सांगते, डाँगलवालं सॉफ्टवेअर वाइनमध्ये चालवायचा नाद सोडा. डाँगलला विंडोजचा ड्रायव्हर लागतो, अगदी आतल्या पातळीचा, आणि तसले ड्रायव्हर चालवणं हे वाइनचं काम नाही. मी तीन संध्याकाळी घालवल्या. मुलाला दोनदा वरणभातावर झोपवलं. काही उपयोग नाही.

मग मी काय केलं, तर मिंटमध्ये कीबोर्डच्या सेटिंगमध्ये मराठीचा कगप नावाचा फोनेटिक लेआउट आहे तो लावला आणि मजकूर इंकस्केपमध्ये टाइप करायला लागले. इंकस्केप हे लिनक्सचं स्वतःचं ड्रॉइंग सॉफ्टवेअर आहे, वाइन-बिइन काही नको. त्यात मुक्ता नाहीतर बलू फॉन्ट घ्यायचा (दोन्ही फुकट, मुंबईच्या एक टाइपवाल्यांचे), श्री एकदम देखणा येतो. मग तो मजकूर सिलेक्ट करून शिफ्ट कंट्रोल सी दाबायचं की त्याचा पाथ होतो, म्हणजे आपल्या भाषेत कर्व्ह. आता तो मजकूर राहिला नाही, नुसता आकार झाला. तो ईपीएस फाइल करून वाइनमधल्या सॉफ्टवेअरमध्ये आणायचा आणि नक्षीच्या मध्ये बसवायचा. द्राविडी प्राणायाम आहे, मान्य. एका पत्रिकेला वीस मिनिटं जास्त जायची, आणि मुलीकडच्यांनी मुहूर्ताची वेळ बदलली की परत पहिल्यापासून, कारण कर्व्ह झालेल्यात १२ वाजून ३६ मिनिटांचं १२ वाजून ५१ करता येत नाही. दोनदा हात पोळल्यावर मूळ मजकुराची फाइल वेगळी ठेवायला शिकले.

माझ्या दोन चुका सांगते, त्यातून कुणाचं भलं झालं तर झालं.

एक. डिसेंबरात एक सर आले, त्यांच्या सहकाऱ्याचा सेवापूर्ती समारंभ, बॅनर करायचा, दहा बाय पाच फुटी. पेनड्राइव्हमध्ये फोटो. मी पेनड्राइव्ह लावला, बॉटल्समधलं सॉफ्टवेअर उघडलं, फाइल, इम्पोर्ट, आणि पेनड्राइव्हच दिसेना. सी ड्राइव्ह दिसतोय, झेड दिसतोय, झेडमध्ये शिरलं तर कसली कसली परकी फोल्डरं, पण पेनड्राइव्ह नाही. सर समोर बसलेले, चहा संपलेला, मी काढून परत लावतेय, फुंकर मारतेय (सवय). मिंटच्या फाइल मॅनेजरमध्ये मात्र दिसतोय. सर म्हणाले, मॅडम, नवीन कॉम्प्युटर घ्या आता. रात्री भाच्याने सांगितलं, बॉटल्स फ्लॅटपॅक म्हणून येतं, त्याला मुद्दाम खोलीत कोंडलेलं असतं, तू परवानगी दिलेलं फोल्डर सोडून त्याला घरातलं काही दिसत नाही. आहे ते सुरक्षिततेसाठी, चांगलंच आहे, पण पहिल्या दिवशी हे मोठ्या अक्षरात कुठेतरी दिसायला पाहिजे होतं असं मला वाटतं. उपाय सोपा आहे, फ्लॅटसील नावाचं छोटं ॲप घ्यायचं, त्यात बॉटल्स निवडून कामाच्या फोल्डरची परवानगी द्यायची. मी होममध्ये 'कामं' नावाचं फोल्डर केलंय, परवानगी फक्त त्याला, आणि गिऱ्हाइकाचा पेनड्राइव्ह आला की आधी सगळं तिथे कॉपी. त्यामुळे झालंय असं की गिऱ्हाइकाच्या फोटोंची कॉपी आपोआप माझ्याकडे राहते, जे आधी मी कधीच शिस्तीत केलं नव्हतं.

दोन, आणि ही खरी जिव्हारी लागली. सॉफ्टवेअर सेव्ह करताना डॉक्युमेंट्स दाखवतं. मी तिथेच सेव्ह करत गेले. मला वाटलं डॉक्युमेंट्स म्हणजे माझं डॉक्युमेंट्स. तर बॉटल्समध्ये ते बाटलीच्या आतलं डॉक्युमेंट्स असतं. एक दिवस सॉफ्टवेअर अडकायला लागलं म्हणून मी म्हटलं नवी बाटली बनवू, आणि जुनी डिलीट केली. तीन पत्रिका गेल्या. दोन छापून झाल्या होत्या, एक फायनल प्रूफला होती, दुसऱ्या दिवशी सकाळी द्यायची. रात्री दीडपर्यंत बसून परत केली, आणि त्यात खाली 'आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं!' च्या पुढे चार चिल्ल्यापिल्ल्यांची नावं असतात ना, त्यातलं एक राहिलं. त्या पोराच्या आजीचा फोन आला. तो फोन मी विसरणार नाही. बॉटल्समध्ये बाटलीचा बॅकअप काढायची सोय आहे, ती वापरा, आणि काम कधीही बाटलीत ठेवू नका, बाहेर ठेवा.

चौथी गोष्ट, एका छोट्या कंपनीचं अल्बम बनवायचं सॉफ्टवेअर. ते मायक्रोसॉफ्टच्या डॉट नेटवर बनवलेलं आहे आणि तसली सॉफ्टवेअरं वाइनमध्ये भरवशाची नसतात. फोटो एडिट करायचं पेंट डॉट नेट हे सगळ्यांच्या ओळखीचं उदाहरण, ते वाइनमध्ये चालत नाही म्हणून लोक त्याच्या धर्तीवरचं पिंटा वापरतात. माझं अल्बमवालं उघडायचं, लोगो दाखवायचं आणि काळं व्हायचं. सोडून दिलं. अल्बमचं काम मी वर्षात चार-पाचच करते, त्यासाठी डोकं कोण फोडणार.

इन्स्टॉल करायच्या आधी एक करा. वाइनवाल्यांची स्वतःची एक यादी आहे, हजारो सॉफ्टवेअरांची, प्रत्येकाला दर्जा दिलेला, प्लॅटिनम, गोल्ड, सिल्व्हर, ब्राँझ आणि शेवटी थेट गार्बेज, कचरा! आडपडदा नाही. फक्त नुसता दर्जा बघू नका, तपासलं कधी आणि वाइनच्या कुठल्या आवृत्तीवर ते बघा, काही नोंदी इतक्या जुन्या आहेत की त्या लिहिणाऱ्याच्या पोरांची लग्नं झाली असतील. आणि अडोबीची नवीन, महिन्याला पैसे भरायची जी असतात त्यांना लिनक्सची आवृत्तीच नाही, वाइनमध्ये त्यांचा इन्स्टॉलर आणि लायसन्सचा प्रकार पार करणं हा नवशिक्याचा खेळ नव्हे. कुणाची फोटोशॉपची पीएसडी फाइल आली तर मी ब्राउझरमध्ये फोटोपी उघडते, लेयर्ससकट दिसते, मजकूर बदलते, परत पाठवते. माझ्या कामाला पुरतं.

पैसे देऊन पाहिजे असेल तर क्रॉसओव्हर म्हणून आहे, कोडवीव्हर्सचं, वाइनवर काम करणारी बरीच मंडळी त्याच कंपनीतली. १४ दिवस फुकट बघता येतं. मी बघितलं नाही, कारण तोपर्यंत एक वेगळीच गोष्ट घडली.

जानेवारीत प्रेसवाल्या काकांकडे गेले होते. गेली दहा वर्षं माझ्या डोक्यात पक्कं की प्रेसला सीडीआरच (कोरलड्रॉची फाइल) द्यायची, कर्व्ह करून. आम्ही प्रेसमध्ये तेच मागायचो. आणि माझी ती सगळी धडपड, जुने फॉन्ट, ईपीएस, बाटल्या, हे सगळं त्या एका समजुतीपायी. मी घाबरत घाबरत विचारलं, काका, पीडीएफ दिली तर चालेल का? काका चष्म्यावरून बघून म्हणाले, "अगं मग दे की. मी तरी काय करतो? तुझी फाइल उघडतो, पीडीएफ करतो, प्लेटला पाठवतो. माझं एक काम वाचलं." मी तिथे दोन मिनिटं नुसती उभी राहिले.

तेव्हापासून नवीन पत्रिका सरळ इंकस्केपमध्ये. तिथे मजकूर मजकूरच राहतो, मुहूर्त बदलला की दोन सेकंदांचं काम. एक अडचण आहे, इंकस्केपची पीडीएफ आरजीबीत, म्हणजे स्क्रीनच्या रंगांत निघते, पहिल्या पत्रिकेत कुंकवाचा लाल छापून आला तो विटकरी झाला होता. आता रंग महत्त्वाचा असेल तर शेवटचं पान स्क्रायबस नावाच्या पानं लावायच्या सॉफ्टवेअरमधून सीएमवायके, म्हणजे छपाईच्या रंगांत करून देते, नाहीतर काका त्यांच्याकडे बदलून घेतात. लोकांच्या सीडीआर फाइली आल्या तर इंकस्केप किंवा लिब्रे ऑफिसच्या ड्रॉमध्ये उघडतात, नक्षी बरीचशी नीट येते, मजकूर हलतो. देव आणि कलश तेवढे काढून घ्यायचे.

म्हणजे वाइनचा उपयोग माझ्यासाठी आता दोनच, इरफानव्ह्यू रोज, आणि जुन्या गिऱ्हाइकाचं जुनं काम परत आलं की बॉटल्समधलं ड्रॉइंग सॉफ्टवेअर. छपाईला त्रास नाही, लिनक्समध्ये प्रिंटर लावलेला असला की वाइनमध्ये आपोआप दिसतो. डाँगलवाल्या टायपिंगसाठी विंडोज १० चा एक ६० जीबीचा कोपरा ठेवलाय, इंटरनेट बंद करून, पंधरवड्यातून एकदा उघडते. दीड स्टार कापला तो एक तर न बोलता बंद होण्यासाठी, आणि अर्धा त्या बाटलीतल्या डॉक्युमेंट्ससाठी. दुसरी चूक माझी होती हे मान्य आहे, तरी पण कापला.

मागच्या आठवड्यात माझी मैत्रीण आली होती, तिचा फोटो स्टुडिओ आहे. माझा लॅपटॉप कसा पटकन चालू होतो बघून म्हणाली, माझ्यावर पण टाकून दे ना लिनक्स. मी आधी तिचा लॅपटॉप उघडून बघितला. महिन्याचे पैसे भरलेलं फोटोचं सॉफ्टवेअर, अल्बमचं सॉफ्टवेअर, त्याला डाँगल, फोटो प्रिंटरचा स्वतःचा विंडोजवाला ड्रायव्हर. मी लॅपटॉप बंद करून तिच्या हातात दिला आणि म्हटलं, बाई, तुझं आहे ते बरं आहे, फक्त रॅम वाढवून घे.